कानात उरला

सोयरीक ठरली तेव्हा पवनारच्या घरात हसे झाले ते गावाच्या नावावरून. "मुलगा राहतो कुठे?" आत्याबाईंनी विचारले. "उरला." "अहो, काय उरला? गाव विचारते मी!" मग वडिलांनी समजावून सांगितले, की रायपूर शहराच्या उत्तरेला, बीरगावला लागून, उरला नावाची औद्योगिक वसाहत आहे, तिथे लोखंडाचे कारखाने आहेत आणि त्यातल्याच एका रोलिंग मिलमध्ये मुलगा फिटर आहे. ही गोष्ट १९८९ सालची. रायपूर तेव्हा मध्य प्रदेशात होते. छत्तीसगड राज्य व्हायला अजून अकरा वर्षे होती.

"मराठी माणसं आहेत का पण तिकडं?" हा आत्याबाईंचा पुढचा प्रश्न. तो विदर्भातल्या बाईने विचारावा याचे नवल वाटते. कारण नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८५४ पर्यंत छत्तीसगडावर होता आणि त्या काळापासून मराठी घराणी तिकडे नांदत आली आहेत. रायपूरचा तात्यापारा, बूढापारा हे भाग मराठी कुटुंबांसाठी ओळखीचे. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. मुलाचे घराणेही तात्यापाऱ्यातलेच. त्यांची मराठी मात्र हिंदीच्या शेजारात वाढलेली. "काय करून राहिली?" असे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारले, तेव्हा नव्या सुनेला ते परके वाटले नाही. वर्ध्यालाही असेच तर बोलतात!

आज सारी वस्ती त्या सुनेला काकू म्हणते. शेजारचे ओडिया कुटुंब, समोरचे बिहारी, मागच्या गल्लीतले छत्तीसगढी, सगळेच. तेव्हा इथेही त्या काकूच, आणि त्यांचे यजमान ते काका.

पवनारमध्ये आवाज म्हणजे काय, तर धाम नदीचा. पावसाळ्यात नदी खडकांवरून उतरते तेव्हा तिचा घोष घरापर्यंत यायचा. पलीकडच्या तीरावर विनोबांचा आश्रम. तिथली घंटा वाजली की वेळ कळायची. रात्री कुत्रे भुंकले तरी कोणाच्या अंगणात भुंकते आहे ते सांगता येई. अशा घरातून आलेली मुलगी रात्रपाळीच्या सोयीसाठी तात्यापारा सोडून उरल्याच्या कडेला भाड्याने घेतलेल्या दोन खोल्यांत आली. एका अंगाला मिल, दुसऱ्या अंगाला हावडा-मुंबई रेल्वेमार्ग आणि तिसऱ्या अंगाला ट्रकचा रस्ता. चौथ्या अंगाला भिंत होती, म्हणून बरे.

पहिल्या रात्री त्या उठून बसल्या त्या भूकंप झाला असे वाटून. मांडणीवरची भांडी एकमेकांवर किणकिणत होती. सासूबाई कूस न बदलताच म्हणाल्या, "काही नाही गं, कोळशाची गाडी आहे. झोप."

कोरब्याच्या बाजूने कोळसा भरून येणारी मालगाडी म्हणजे जवळपास साठ डबे. जुनी मराठी माणसे मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणत. तो शब्द कोणी काढला असेल तो असो, पण रेल्वेकडेला राहणाऱ्या माणसाला तो चपखल वाटतो. साठ वाघिणी अंगावरून गेल्यासारख्या जातात. त्यात एखाद्या डब्याचे चाक ब्रेकमध्ये घासून एका जागी चपटे झालेले असले, की साऱ्या खडखडाटातून त्याचा धब्-धब् असा ठोका वेगळा ऐकू येतो आणि डबा पुढे गेला तरी छातीत वाजत राहतो.

आवाजांच्या बाबतीत मराठी भाषा मोठी श्रीमंत. काकूंना ही श्रीमंती उरल्यात येऊन कळली. रेल्वेचा तो खडखडाट. भंगाराचा ट्रक रिकामा होतो तो ठणठणाट. भट्टीला हवा पुरवणारा ब्लोअर घरघरतो. लाल सळई कापणारी कात्री खणकन वाजते. ट्रकचा गिअर बदलताना करकरतो. आणि ट्रान्सपोर्ट नगराकडे निघालेल्या ट्रकचा हॉर्न… त्याला मात्र शब्द नाही. त्यात दोन सुरांचे, पाच सुरांचे, सिनेमाच्या गाण्यांचे असे सगळे प्रकार. मागे मोठ्या अक्षरांत 'हॉर्न प्लीज' असे आमंत्रण लिहिलेलेच असते, मग मागचा ड्रायव्हर तरी मान कसा मोडणार!

सासूबाई म्हणत, "पहिले सहा महिने झोप लागत नाही. मग एखादी गाडी चुकली की जाग येते." तसेच झाले. वर्षभरात काकूंना गाड्या आवाजावरून ओळखू येऊ लागल्या. गीतांजली कोणती, आझाद हिंद कोणती, हावडा मेल कोणती, हे त्या पोळ्या लाटता लाटता सांगत. गीतांजली १९७७ पासून या मार्गावरून धावते आहे. काकूंच्या घरी ती घड्याळाच्या जागी होती. रुळाकडेला पिवळ्या पाटीवर 'सी/फा' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ कित्येक वर्षे काकूंना कळला नव्हता. पुढे कळले, की 'सी' म्हणजे सीटी आणि 'फा' म्हणजे फाटक. पुढे फाटक आहे, तेव्हा इथून भोंगा वाजवा, असा ड्रायव्हरला दिलेला तो हुकूम. म्हणजे काकूंच्या उशाशी रोज जो भोंगा वाजत होता, तो वाजवणाऱ्याची लहर नव्हती. फाटकावरच्या माणसाचा जीव वाचावा म्हणून ठरवून दिलेली ती जागा होती. हे समजल्यावर भोंगा काही हळू झाला नाही. पण त्याचा राग येईनासा झाला, हे खरे.

आणखी एक बदल त्यांनी कानाने टिपला. लग्न झाले तेव्हा गाडीचा ठेका स्पष्ट ऐकू येई, खटक-खटक, खटक-खटक. रुळांचे तुकडे पट्ट्यांनी जोडलेले असत आणि प्रत्येक जोडावर चाक आपटे. पुढे रूळ वितळवून एकसंध जोडले जाऊ लागले आणि तो ठेका विरत गेला. आता गाडी येते ती एक लांब सुस्कारा टाकत, आणि पुष्कळदा जवळ येईपर्यंत कळतही नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तिचे कारण पुढे येईलच.

सवय होते म्हणजे नेमके काय होते? झोपलेल्या माणसाचे डोळे मिटतात, कान मिटत नाहीत. ओळखीचा आवाज आला की मेंदू जागे करत नाही, एवढेच. पण त्या क्षणी नाडी वाढते, रक्तदाब चढतो, झोप उथळ होते आणि सकाळी माणसाला यातले काही आठवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी मार्गदर्शक मर्यादा दिल्या, त्यांत रात्रीच्या वेळी घराबाहेर रेल्वेचा सरासरी आवाज ४४ डेसिबलपेक्षा आणि रस्त्याचा ४५ डेसिबलपेक्षा कमी असावा असे म्हटले आहे. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतही निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलच आहे, दिवसा ५५. औद्योगिक भागाला दिवसा ७५ आणि रात्री ७० ची मुभा. आता प्रश्न असा, की जी वस्ती कारखान्याच्या भिंतीला टेकून आहे, जिथे माणसे जेवतात, झोपतात, बाळंत होतात, तिचे कान कोणत्या रकान्यात मोडतात? या प्रश्नाचे उत्तर भारतातल्या बहुतेक शहरांच्या कडेला कोणाकडेच नसते. आणि डेसिबलचे गणितही फसवे. ७० म्हणजे ६० पेक्षा थोडे जास्त असे नव्हे. दर दहा डेसिबलला आवाजाची ऊर्जा दसपट होते.

काकूंना मुलगी झाली १९९१ मध्ये, मुलगा १९९४ मध्ये. दोन्ही मुले भोंग्यात झोपली, वाढली. पाहुणे म्हणायचे, "बाप्पा! एवढ्या गोंगाटात झोपतात कशी?" काकूंना त्याचा थोडा अभिमानच वाटे. तो अभिमान मुलगी आठवीत गेल्यावर ओसरला. ती धडा मोठ्याने वाचायची आणि गाडी आली की थांबायची. गाडी गेली की थांबलेल्या शब्दावरून सुरू न करता वाक्याच्या आरंभापासून वाचायची. एका संध्याकाळी काकूंनी मोजले, एकच परिच्छेद तिने पाच वेळा सुरू केला होता. आणि गुणपत्रकात शेरा होता: 'लक्ष देत नाही'.

हा प्रश्न उरल्याचाच नव्हता. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या उत्तर भागातल्या एका प्राथमिक शाळेला लागून उंचावरून रेल्वे जाते. आर्लीन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या मुलांच्या वाचनाची तपासणी करून १९७५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुळाकडच्या वर्गांतली मुले सहावीपर्यंत पोहोचताना शांत बाजूच्या वर्गांतल्या मुलांपेक्षा जवळजवळ एक वर्ष मागे पडलेली होती. शाळा एक, अभ्यासक्रम एक. फक्त खिडकी वेगळी. पुढे रुळांखाली रबराच्या गाद्या बसवल्या, वर्गांना आवाज शोषणारी छते लावली. १९८१ च्या अहवालात दोन्ही बाजूंची मुले बरोबरीला आली होती. मुले तीच गल्लीतली, गाडी तीच. बदलले ते फक्त रबर आणि छत.

काकूंना हे कोणी सांगितले नव्हते. त्यांनी आपल्या अकलेने जे केले ते असे: स्वयंपाकघर रुळाकडच्या खोलीत नेले आणि मुलांचे टेबल चौथ्या अंगाच्या त्या भिंतीला लावले. शेगडी, सिलिंडर, डबे, मांडणी सगळे उचलून हलवायला दोन दिवस लागले. सासूबाई आग्नेय दिशा सोडल्याबद्दल कुरकुरल्या. काकू म्हणाल्या, "आई, अग्निदेवाला गाडीचा त्रास होत नाही." रुळाकडच्या खिडकीला त्यांनी जुन्या गोधडीचा जाड पडदा शिवला आणि फटींत कापडाच्या चिंध्या भरल्या. फट बुजली की आवाज पुष्कळ अडतो. पडद्याने त्या मानाने थोडा. हे त्यांना करूनच कळले. मुलगी २००७ मध्ये दहावी झाली. चांगली झाली.

या सगळ्यात काका कुठे होते? मिलमध्ये होते. आणि खरी गोष्ट तिथेच घडत होती.

रोलिंग मिल ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर, भट्टीतून लालभडक तापलेला लोखंडाचा ठोकळा निघतो, तो फिरत्या रुळांच्या जोड्यांतून पुन्हा पुन्हा ओढला जातो आणि दर वेळी लांब, बारीक होत शेवटी सळई होऊन सापासारखा जमिनीवरून सरपटतो. चिमटे घेतलेले कामगार ते साप पकडून पुढच्या रुळात घालतात. वर क्रेन फिरते. तिची घंटा, कात्रीचा खणका, मोटारींची घरघर, पत्र्याचे छप्पर हे सगळे परत खाली फेकते. शेजारच्याशी बोलायचे तर कानाला तोंड लावावे लागते. म्हणून मिलमध्ये बोलणे हातांनी चालते. काकांच्या हातांना एवढी सवय, की घरीसुद्धा ते पाणी मागताना अंगठा ओठांकडे नेत. मुलांना ते गमतीचे वाटे.

आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा धरत आले आहेत. अमेरिकेतली व्यावसायिक आरोग्याची संशोधन संस्था ८५ च्या वर नको म्हणते. आवाजाने येणारा बहिरेपणा व्यावसायिक रोगांच्या यादीतही आहे, म्हणजे सिलिकोसिससारखाच तो कामातून आलेला रोग. पण सिलिकोसिसचा माणूस खोकतो. बहिरा होत जाणारा माणूस काहीच करत नाही. उलट घरच्यांवर ओरडतो, की तुम्ही पुटपुटता.

कानाच्या आतल्या शंखात बारीक केसांच्या पेशी असतात. आवाजाची लाट आली की त्या वाकतात आणि संदेश जातो. शेतातले गवत रोज तुडवले तर एक दिवस ते उभे राहत नाही, तसे या पेशींचे होते, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. सगळ्यांत आधी जातो तो ४,००० हर्ट्झच्या आसपासचा पट्टा. म्हणजे ट्रक ऐकू येतो, ढोल ऐकू येतो, पण 'स', 'त', 'फ' यांसारखी हलकी व्यंजने पुसट होतात. माणसाला आवाज येतो, शब्द येत नाही. 'साखर' आणि 'भाकर' यांत घोटाळा होतो. म्हणून तो प्रामाणिकपणे म्हणतो, "मला ऐकू येतं, तूच नीट बोलत नाहीस."

हे वाक्य काकूंनी बारा वर्षे ऐकले. सुरुवात झाली ती कुकरच्या शिट्ट्यांपासून. "तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा" असे सांगून त्या नळावर गेल्या आणि परत येईतो वरणाचा कोळसा. मग टीव्हीचा आवाज एकेक घर वाढत गेला. मग फोन. गावाहून फोन आला की काका "हां, हां" म्हणत आणि रिसीव्हर काकूंकडे देत. पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलीला वाटू लागले, बाबांना आपल्याशी बोलायचेच नाही. ते तिने आईला एकदा रडत सांगितले. काकूंनी काकांना सांगितले नाही. कसे सांगणार? हळू सांगितले तर कळणार नाही आणि ओरडून सांगण्यासारखे ते नव्हते.

संसारात हळू बोलण्याची एक जागा असते. चार माणसांत नवऱ्याला खूण करायची असते, पाहुण्यांसमोर "साखर संपली आहे" सांगायचे असते, अंधारात काही बोलायचे असते. ती सगळी जागा त्या घरातून गेली. जे काही बोलायचे ते गल्लीला ऐकू जाईल असे. शेजारची बाई एकदा काळजीने विचारून गेली, "का होगे दीदी? रोज झगरा?" काकू हसल्या. आत येऊन मात्र बराच वेळ स्वयंपाकघरात बसून राहिल्या.

डॉक्टरकडे जायला काका तयार नव्हते. फिटर म्हातारा झाला असे म्हणतील, क्रेनखालून काढून गोदामात बसवतील, अधिक पाळीचे पैसे जातील, ही भीती. ती खोटी नव्हती. कानात घालायच्या बोळ्यांची पाकिटे मिलमध्ये मिळत. ती त्यांच्या शर्टाच्या खिशात तशीच धुतली जात. बोळे घातले तर क्रेनची घंटा ऐकू येणार नाही, अशी सगळ्यांचीच समजूत.

२०१२ च्या जानेवारीतली गोष्ट. सकाळी धुके होते. रात्रपाळीहून परतताना काका नेहमीप्रमाणे रुळावरूनच येत होते. फाटकाने यायचे तर दहा मिनिटांचा वळसा. सारी वस्ती रुळावरूनच येते-जाते. काकू दाराशी उभ्या होत्या. त्यांना भोंगा ऐकू आला. 'सी/फा' ची पाटी ओलांडल्याचा तो लांब भोंगा. काका रुळांच्या मधोमध, खाली बघत, रमतगमत. काकूंनी हाक मारली. मारतच राहिल्या. वीस वर्षे त्या ज्या आवाजात ओरडत होत्या त्याहून मोठा आवाज त्यांच्याकडे उरलाच नव्हता. मागून येणाऱ्या चिमटेवाल्या पोराने धावत जाऊन काकांचा दंड धरला आणि ओढले. गाडी गेली. एकसंध रुळांवरून, सुस्काऱ्यासारखी.

काकांनी घरी येऊन चहा मागितला. अंगठा ओठांकडे नेऊन. कप धरताना हात थरथरत होता. काकूंनी चहा ठेवला आणि पाटीवर खडूने लिहिले: 'आज तपासायला जायचे.' मुलांच्या अभ्यासाची ती पाटी. काका काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त शर्ट बदलला.

तपासणीच्या कागदावर दोन रेघा होत्या, एका कानाची लाल, दुसऱ्याची निळी. डावीकडे ठीकठाक चालत आलेल्या दोन्ही रेघा ४,००० च्या आकड्याशी येऊन विहिरीत उतरल्यासारख्या खाली गेल्या होत्या. "किती वर्षं मिलमध्ये?" एवढेच डॉक्टरांनी विचारले. "छब्बीस." गेलेले परत येणार नाही, राहिलेले सांभाळा, असे सांगून त्यांनी श्रवणयंत्राची चिठ्ठी लिहिली.

यंत्र आले की सगळे ठीक होईल, असे घरच्यांना वाटले होते. छे! यंत्र शब्द मोठा करते, तसा पंखाही मोठा करते. पहिल्या दिवशी काकांनी ते घातले आणि पाच मिनिटांत काढून टेबलावर आपटले. स्टीलचा चमचा ताटावर पडला तो डोक्यात घण पडल्यासारखा. इतक्या वर्षांत विसरलेला सारा कलकलाट एकदम घरात शिरला. मेंदूला पुन्हा शिकायला आठवडेच्या आठवडे लागतात, रोज थोडा थोडा वेळ घालून सवय करावी लागते. ही माहिती दुकानदाराने दिली नव्हती. ती पुढच्या तपासणीत मिळाली. मग काकूंनी वेळापत्रक केले: संध्याकाळी जेवताना एक तास. टीव्ही बंद, पंखा बंद, खिडकी लावलेली. त्या एका तासात मुलीचा फोन. तिसऱ्या आठवड्यात काका फोनवर म्हणाले, "तुझा आवाज बदलला की काय गं?" मुलगी म्हणाली, "नाही बाबा, तोच आहे." त्या दिवशी फोन चाळीस मिनिटे चालला.

घराबाहेरच्या गोंगाटाचे मात्र काही करता आले नाही. छत्तीसगडात आणि नागपुराकडे वरातीपुढे, गणपतीपुढे 'धुमाल' वाजतो. ताशे, ढोल, बुलबुल आणि जनरेटर लावलेल्या गाडीवरच्या ध्वनिपेट्या. मुळात झकास प्रकार आहे. थोडा दूर असला तर काकूंचाही पाय ठेका धरतो. पण धुमालाच्या जागी डीजे आला आणि पेट्यांची भिंतच गाडीवर चढली. कायद्याची कमतरता नाही. मध्य प्रदेशाचा कोलाहल नियंत्रण अधिनियम १९८५ चा, तो नव्या राज्यातही चालत आला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जुलै २००५ चा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक नको. बिलासपूरच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये गाड्यांवर ध्वनिपेट्या लावून वाजवण्याविरुद्ध कडक आदेश दिले आणि पुढेही याच प्रश्नाची दखल त्याला पुन्हा घ्यावी लागली. पुन्हा घ्यावी लागली, यातच सगळे आले.

हॉर्नचेही तेच. मुंबई पोलिसांनी २०२० च्या जानेवारीत एक गंमत करून दाखवली. चौकात डेसिबल मोजणारे यंत्र सिग्नलला जोडले. हॉर्नचा कलकलाट ८५ च्या वर गेला की लाल दिवा पुन्हा शून्यापासून सुरू. वाजवा किती वाजवायचे ते! ती चित्रफीत देशभर पाहिली गेली. उरल्याच्या रस्त्यावर असा दिवा लावला, तर बिलासपूरकडे निघालेले ट्रक अजून तिथेच उभे असते.

काका २०२१ मध्ये निवृत्त झाले. मुलगा म्हणाला, आता पुण्याला चला. काकूंना पवनारचे घर आठवत होते. त्याचा एक हिस्सा अजून त्यांच्या नावावर आहे. पण गोष्ट अशी, की मिल सुटल्यावर काकांच्या कानात मिल सुरू झाली. बारीक, अखंड, रात्री अधिक. ब्लोअर लांब कुठे चालू असावा तशी घरघर आणि तिच्यावर एक शिट्टी. आवाजाने दुखावलेल्या कानांत हे पुष्कळांना होते. डॉक्टर त्याला टिनिटस म्हणतात. त्याला हमखास औषध नाही, आणि भोवताली जितकी शांतता अधिक तितके ते ठळक होते. पवनारला चार रात्री काढून काका म्हणाले, "इथं तर लईच मोठ्यानं वाजते." उरल्यात गाडी आली की तेवढ्यापुरते ते झाकले जाते. म्हणून तूर्त ते तिथेच आहेत. आत्याबाई असत्या तर त्यांना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असते.

दोन गोष्टी मात्र बदलल्या. काका आता फाटकाने येतात-जातात, वळसा घालून. कोणी हसले तर हसू देतात. आणि त्यांच्या टेबलाच्या खणात फोमच्या बोळ्यांचा डबा असतो. त्या दिवशी दंड धरून ओढणाऱ्या पोराचा धाकटा भाऊ मिलला लागला, तेव्हा काकांनी त्याला घरी बोलावून समोर बसवले. बोळा दोन बोटांत वळून वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोटाने दाबून धरायचा. पोराने तीनदा केले, तीनदा सुटून पडला. चौथ्यांदा बसला.

"और क्रेन की घंटी, काका?"

काकांनी यंत्र नीट सरकवले आणि प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग सांगितले, की बोळा घंटा कमी करतो तसा मिलही तेवढीच कमी करतो, त्यामुळे एवढ्या गोंगाटात घंटा उलट वेगळी कळते. आधी एक पाळी भट्टीपासून लांब उभे राहून घालून बघ, मग क्रेनखाली जा. पोराला ते पटले की नाही, सांगता येत नाही. जाताना त्याने दोन जोड जास्तीचे मागून घेतले. त्याचा मामा ट्रक चालवतो.